रेडिओवर भाषण नको, रेडिओ जोडायला बसवा : सार्वजनिक वाचनालयांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारी मंडळांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

१३ फेब्रुवारी हा जागतिक रेडिओ दिन. त्याच्या आगेमागे वाचनालयात रेडिओवर ‘कार्यशाळा’ ठेवायची पद्धत आता रुळली आहे. पत्रिकेवर कार्यशाळा छापलेले असते, प्रत्यक्षात असते तासाभराचे भाषण: आकाशवाणीच्या आठवणी, थोडे स्मरणरंजन, शाल, श्रीफळ, चहा. भाषणाला आमची हरकत नाही. व्याख्यानमालांवर पोसलेल्या प्रांतात ती असायचे कारणही नाही. पण कार्यशाळेहून घरी जाणाऱ्या माणसाच्या हातात स्वतः केलेले काहीतरी असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आमची मागणी अशी: त्या एका तासाच्या जागी सहा संध्याकाळी द्या. रोज दोन तास, माणसे वीस, त्याहून जास्त नकोत. पहिल्या तीन संध्याकाळी प्रत्येकाने स्वतःचा रेडिओ जोडायचा. पुढच्या तीन संध्याकाळी त्याच माणसांनी आवाज टिपायचे आणि गोष्ट रचायची. ‘तंत्र मुलग्यांना, गोष्टी बायकांना, निवेदन मास्तरांना’ ही वाटणी आपोआप होते. ती होऊ नये म्हणून नाव नोंदवतानाच दोन्ही भागांना बसण्याची अट घाला. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या हातची कॉइल बहुधा सगळ्यांत सारखी गुंडाळलेली निघते, आणि निवृत्त लाइनमनकडे गोष्टींचा तोटा नसतो.

हे वाचनालयातच का, शाळेत का नको? एक कारण ध्वनीचे आहे. शाळेचा वर्ग म्हणजे फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा. आवाज भिंतीभिंतींवर आपटत राहतो. पुस्तकांनी गच्च भरलेली कपाटे आवाज शोषतात आणि पुस्तकांच्या पुढेमागे असलेल्या पाठींमुळे उरलेला विखुरतात. तुमची देवघेवीची खोली पंखा बंद केला की गावातला सर्वांत स्वस्त स्टुडिओ आहे. दुसरे कारण वयाचे: शाळेत एकाच वयाची मुले असतात, वाचनालयात सातवीतली मुलगी आणि सत्तरीतले आजोबा एकाच टेबलावर बसू शकतात. तिसरे, नोंद ठेवण्याची सवय. १९६७च्या ग्रंथालय कायद्यापासून तुम्ही दाखल नोंदवही, वर्गवारी, तपासणी हे सगळे करत आला आहात. ध्वनिमुद्रणांना नेमके तेच लागते आणि इतर कुठे ते मिळत नाही.

आता सामानाकडे येऊ, कारण कार्यशाळा फसते ती सामानात.

पहिला रेडिओ बॅटरीशिवाय चालणारा क्रिस्टल सेट असावा. कॉइल, गँग, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), इअरफोन, अँटेना आणि अर्थिंग, संपले. १९०१ साली जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना खनिजाच्या डिटेक्टरच्या (लहरी ओळखणाऱ्या भागाच्या) पेटंटसाठी अर्ज केला (ते १९०४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले), त्याच कुळातले हे यंत्र. कॉइलसाठी ६३ मिलिमीटर बाहेरील व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या आणि दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे पाडून आणा. तार २६ गेजची, एनॅमल असलेली. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शोधू नका. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. एका कॉइलला ८५ वेढे, म्हणजे सुमारे १८ मीटर किंवा २६ ग्रॅम तार. वीस जणांना अर्धा किलोच्या वर थोडी; पाऊण किलो आणा, तार तुटतेच. वेढे एकमेकांना खेटून, एकाच दिशेने, आणि दर दहा वेढ्यांनंतर तारेला पीळ देऊन एक छोटा कान बाहेर काढायचा. असे चार कान पुरेत: १०, २०, ३० आणि ४० वर. सुरुवातीचे टोक पाइपला दोन भोके पाडून त्यांतून ओवा. नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवला तर साठाव्या वेढ्याला सगळी कॉइल सुटून मांडीवर येते.

गँग म्हणजे फिरवायचा कंडेन्सर. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला हवेचा गँग मिळाला तर उत्तम, पण वीस नग मिळणे अवघड. खिशातल्या रेडिओत असतो तो प्लास्टिकचा चौकोनी गँग चालतो. मधला पाय सामाईक, बाजूचे दोन एकत्र जोडायचे. मग साधारण २०० पिकोफॅरड (कंडेन्सरची क्षमता मोजायचे एकक) मिळतात. एफएम असलेल्या गँगला जास्त पाय असतात आणि त्यांतले काही फक्त २० पिकोफॅरडचे. ते वापरले तर बटण कितीही फिरवा, स्टेशन जागचे हलत नाही. गँग बसवण्याचे स्क्रू लांब असले तर आतली पाने चिरडतात. वॉशर घाला किंवा स्क्रू कापा. चिरडलेला गँग दिसायला धडधाकट असतो, म्हणून त्याच्या पायी अख्खी संध्याकाळ जाते.

८५ वेढ्यांची कॉइल आणि हा गँग मिळून मध्यम लहरीचा खालचा आणि मधला पट्टा येतो. पुणे ७९२ किलोहर्ट्झ, जळगाव ९६३, रत्नागिरी ११४३, सांगली १२५१ यांना ती चालते. सोलापूरचे १६०२ मात्र तिच्या आवाक्याबाहेर राहील. तिथे ७० वेढेच गुंडाळा. उलट नागपूरला ५८५साठी ८५ हवेतच, चार-पाच जास्त असले तरी बरे. एकच आराखडा सगळ्या जिल्ह्यांना वाटला की हीच चूक होते. शिवाय मध्यम लहरीचे प्रक्षेपण अनेक ठिकाणी आटोपते घेतले जात आहे, म्हणून तारीख ठरवण्याआधी आपल्या भागातले केंद्र त्या लहरीवर अजून चालू आहे का आणि कोणत्या वेळात, हे साध्या रेडिओवर आठवडाभर ऐकून खात्री करा.

डायोड जर्मेनियमचाच पाहिजे. ओए ७९ किंवा १एन ३४ मागा आणि दुकानातच मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासा. आकडा ०.२ ते ०.३५ व्होल्ट आला तर ठीक, ०.६च्या पुढे गेला तर काचेच्या नळीत सिलिकॉन विकला जातोय. सिलिकॉनला वाहू लागायलाच अर्ध्या व्होल्टच्या वर लागते, आणि क्रिस्टल सेटमध्ये एवढा सिग्नल क्वचितच असतो. जोडताना डायोडच्या पायाला चिमट्याने धरा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल. पाय किमान सेंटिमीटरभर लांब ठेवा.

इअरफोन हा सर्वांत जास्त चकवणारा भाग. मोबाइलचा इअरफोन १६ किंवा ३२ ओहमचा असतो. तो लावला की सर्किटवर एवढा भार पडतो की काहीच ऐकू येत नाही. क्रिस्टल इअरफोन मागा. हल्ली मिळतात ते सिरॅमिकचे, चालतात. पण त्यांच्यातून डीसी (एकाच दिशेची वीज) वाहत नाही, म्हणून त्याला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. तो विसरला तर डायोडने गोळा केलेला चार्ज निघून जायला वाट राहत नाही. सुरुवातीचा क्षणभर आवाज येतो, मग चिरका होत बुजतो. ‘आत्ता वाजत होता हो’ अशी तक्रार आली की पहिल्यांदा हा रेझिस्टर बघा.

जोडणी सांगतो. गँग पूर्ण कॉइलवर. कॉइलच्या सुरुवातीचे टोक, म्हणजे ज्या बाजूला कान आहेत ते, अर्थिंगला. अँटेना १० किंवा २०च्या कानाला. डायोड ४०च्या कानातून इअरफोनकडे, इअरफोनचे दुसरे टोक अर्थिंगला. अँटेना थेट वरच्या टोकाला जोडावीशी वाटते, कारण आवाज मोठा येतो. पण मग दोन केंद्रे एकमेकांत मिसळतात. कान खाली घेतला की आवाज थोडा पडतो आणि केंद्र वेगळे होते. हा सौदा प्रत्येकाने स्वतः कान बदलून ऐकावा, सांगून पटत नाही.

वीसपैकी निम्मे सेट पहिल्यांदा गप्प असतील, हे गृहीत धरा. कारण बहुतेक वेळा एकच: तारेवरचे एनॅमल खरवडलेले नाही. ते पारदर्शक असते, तांबे उघडेच दिसते, डाग (शिशाचा जोड) वर बसल्यासारखा वाटतो आणि आत संपर्क नसतो. पॉलिश पेपरने तार चकचकीत गुलाबी होईपर्यंत घासा, मल्टिमीटरची शिट्टी वाजते का बघा, मगच शिसे लावा. दुसरे कारण ड्राय सोल्डर. शिसे वितळवून थेंब टाकतात, पण जोडाची तारच तापलेली नसते. थेंब दाणेदार, मळकट दिसतो. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे, दोघांत एक, दहा नग. प्रत्येकाखाली फरशीचा तुकडा. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून खिडक्या उघड्या, टेबलावर चहा-फराळ नाही, नंतर साबणाने हात. दहा वर्षांखालच्या मुलांना डाग द्यायला लावू नका. त्यांना कॉइल द्या, ती ते मोठ्यांपेक्षा चिकाटीने करतात.

अँटेना वाचनालयाच्या गच्चीवरून समोरच्या झाडापर्यंत, वीसेक मीटर, टोकांना प्लास्टिकचे इन्सुलेटर. महावितरणच्या तारांवरून, खालून किंवा शेजारून ती कधीही जाता कामा नये. तुटून पडली तरी त्यांवर पडणार नाही एवढे अंतर हवे. अर्थिंग बोअरच्या लोखंडी केसिंगला चांगले मिळते. पूर्वी नळाला जोडायचे, आता नळ प्लास्टिकचे आहेत. भिंतीतल्या सॉकेटची तिसरी पिन वापरू नका. जुन्या इमारतीत ती कुठे जोडली आहे याचा भरवसा नसतो. वळवाच्या दिवसांत हा खेळ करूच नका, आणि आभाळ भरले की अँटेना सोडवून बाहेर टाका.

केंद्रापासून दूरच्या तालुक्यात क्रिस्टल सेट मुका राहतो. मागे अॅम्प्लिफायर लावून उपयोग नाही, कारण सिग्नल डायोडच्या दारातच संपलेला असतो. तिथे टीए ७६४२ ही तीन पायांची आयसी (तयार सर्किटची चिप) घ्या, भंगारातल्या रेडिओची, आतल्या आत अँटेनाचे काम करणारी फेराइट कांडी कॉइलसकट वापरा आणि दीड व्होल्टचा एकच सेल. दोन सेल लावण्याचा मोह होतो; मग ती शिट्ट्या घालते. अंधार पडला की वातावरणाचा दिवसा मध्यम लहरी गिळणारा थर विरतो, त्यामुळे रात्री आठनंतर लांबची केंद्रे या एवढ्याशा यंत्रावर येऊ लागतात. चौथी संध्याकाळ म्हणून थोडी उशिरा ठेवा.

याच फेराइट कांडीत एक सुंदर धडा दडलेला आहे. कांडीचे टोक केंद्राकडे केले की आवाज सर्वांत पडतो, आडवी धरली की वाढतो. पडणारी दिशा आवाज वाढणाऱ्या दिशेपेक्षा जास्त नेमकी कळते. गावाच्या दोन टोकांना उभे राहून दोन दिशा काढा, नकाशावर रेघा मारा. त्या जिथे छेदतील तिथे प्रक्षेपक. पुण्यात ७९२वर हे केले तर रेघा शिवाजीनगरच्या आकाशवाणी भवनाकडे जात नाहीत, हडपसरकडे जातात. बोलणारा माणूस एकीकडे आणि मनोरा दुसरीकडे, हे सातवीतल्या मुलाला असे कळले की पुढे ते पुसले जात नाही.

मग कलेचा भाग. तो ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून शेवटच्या दिवशी चिकटवायचा नसतो. साधा रेडिओ मध्यम लहरीच्या मोकळ्या जागेवर, कुठलेही केंद्र नसलेल्या ठिकाणी लावा आणि तो घेऊन गल्लीतून चाला. एलईडी दिव्याखाली खरखर, इन्व्हर्टरपाशी गुरगुर, लिफ्टपाशी टकटक, मोबाइलच्या स्वस्त चार्जरपाशी तर कान किटतात. प्रत्येकाने कागदावर गल्लीचा नकाशा काढून त्यात हे आवाज लिहायचे, चिन्हांनी किंवा अक्षरांनी. हा नकाशा चित्रही आहे आणि तुमच्या वीजजोडणीचा तपासणी अहवालही. सगळ्यांत गोंगाट करणारा दिवा बहुधा वाचनालयाच्या पोर्चमध्येच सापडतो.

याच्या पुढची पायरी: एलएम ३८६ या आयसीचा छोटा अॅम्प्लिफायर. ९ व्होल्टची बॅटरी, तिसऱ्या पायाला इनपुट, पाचव्यातून २२० मायक्रोफॅरडमार्गे स्पीकर, सहावा प्लसला, दुसरा आणि चौथा मायनसला. पहिल्या आणि आठव्याच्या मध्ये १० मायक्रोफॅरड टाकला की आवाज २० पटींऐवजी २०० पटींनी वाढतो. सहाव्या पायापासून मायनसपर्यंत १०० मायक्रोफॅरड विसरलात तर स्पीकर मोटारबोटीसारखा फटफटू लागतो. इनपुटला १० मिलिहेन्रीचा चोक (तारेची छोटी तयार कॉइल) किंवा जुन्या रिलेची कॉइल लावा आणि ती वस्तूंवरून फिरवा. पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर, राउटरची टिकटिक, फ्रिजचा षड्ज ऐकू येतो. दुकानातल्या पैसे मिळाल्याची वर्दी देणाऱ्या डब्याजवळ नेली तर त्याच्या स्पीकरमधले वाक्य हवेतून न येता थेट कॉइलमधून ऐकू येते. हे आवाज मोबाइलवर साठवा. पुढे श्रुतिकेत वापरायचे आहेत.

कायद्याचे एकदाच स्पष्ट सांगतो. घरी रेडिओ ठेवायलाही एके काळी परवाना लागे. ती पद्धत १९८०च्या दशकात गेली, त्यामुळे ऐकण्याला आज काहीच अडचण नाही. प्रक्षेपणाला आहे. ऑनलाइन मिळणारे एफएम ट्रान्समीटरचे किट कार्यशाळेत आणू नका, कोणी ‘शंभर मीटरच जातो’ म्हणाले तरी. परवान्याशिवाय प्रक्षेपक बाळगणे आणि चालवणे गुन्हा आहे. दोन ट्रान्झिस्टरचे ते किट जागेवर राहत नाही, तापले की सरकते, आणि १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा सुरू होतो. जपानमध्ये तेत्सुओ कोगावा यांनी १९८०च्या दशकात इटुकल्या प्रक्षेपकांच्या कार्यशाळा गाजवल्या, पण तिथल्या कायद्यात अगदी क्षीण प्रक्षेपणाला मुभा होती. आपल्याकडे बिहारच्या वैशाली जिल्ह्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने चालवलेले गावचे केंद्र २००६ साली बंद करण्यात आले. लोकप्रियता कामी आली नाही. हौशी हॅम परवानाधारकाला प्रात्यक्षिकासाठी जरूर बोलवा (परीक्षा बारा वर्षांपासून देता येते), पण त्याच्या पट्ट्यावरून गाणी किंवा गोष्टी प्रसारित करता येत नाहीत, हे त्याला सांगायला लावा.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक गणित: १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत चालवलेले गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. ३००ला ४२.३४ने भागा, मेगाहर्ट्झ मिळतील. सातच्या थोडे पुढे उत्तर येते. जागा बदलत बदलत ते नोव्हेंबरमधल्या अटकांपर्यंत चालले. याच निमित्ताने केंद्राची दिशा शोधण्याचा वर दिलेला प्रयोग आठवायला सांगा. पोलीस काय करत असतील ते मुलांना आपोआप कळेल.

मग आपली गोष्ट ऐकवायची कशी? वायरवरून. वाचनकक्षात मायक्रोफोन आणि लहान मिक्सर, तिथून तार काढून शेजारच्या खोलीत स्पीकर. बोलणारा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. श्रुतिकेला एवढेच लागते. चौकात लावायचा असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत आटोपा. चांगले जमले तर जवळच्या सामुदायिक रेडिओला द्या. म्हसवडचे माणदेशी तरंग किंवा जतकडच्या जालिहाळचे येरळावाणी यांसारख्या केंद्रांना सामुदायिक रेडिओच्या धोरणानुसार किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर बनवावे लागतात, तेव्हा तयार, स्वच्छ ध्वनिमुद्रण त्यांनाही हवेच असते.

गोष्टीची शिकवणी सुरू करताना कागद-पेन देऊ नका. आधी प्रत्येकाने घरून तीस सेकंदांचा एक आवाज टिपून आणायचा: जात्याचा, पंपाचा, कडी लावल्याचा, पोळीवाल्या बाईंच्या लाटण्याचा. त्या आवाजाने गोष्ट सुरू झाली पाहिजे, एवढीच अट. आपल्या व्रतकहाण्या ‘ऐका’ या शब्दाने सुरू होतात आणि आटपाट नगरात दोन वाक्यांत नेऊन सोडतात. कानासाठी रचना करणे आपल्याला नवे नाही. मोठ्या गोष्टीला कीर्तनाचा साचा वापरा. पूर्वरंगात मुद्दा, उत्तररंगात आख्यान, मध्ये एखादे पद म्हणजे इथे एखादा आवाज. तीन मिनिटांना साडेतीनशे शब्द धरा. त्यापेक्षा जास्त लिहिले की माणूस धावत वाचतो आणि बातमीदार वाटू लागतो.

मुलाखत घेणाऱ्याला ‘आपण तरुणांना काय संदेश द्याल?’ हा प्रश्न विचारायला बंदी करा. ‘पूर आला त्या रात्री घरात कसला आवाज येत होता?’ असे विचारले की समोरची व्यक्ती डोळे मिटून सांगू लागते. बोली सुधारू नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी जशी आली तशी राहू द्या. ‘व्हतं’चे ‘होते’ केले की माणूस पुढच्या वाक्यापासून जपून बोलतो, आणि मग सगळेच गेले. दुपारच्या वेळी घरी जाऊन केलेले ध्वनिमुद्रण सभागृहातल्यापेक्षा बायकांना सोयीचे पडते, हे वेळापत्रकात धरा.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल पुरतो. तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’चा फुंकर-फटका माइकवर बसत नाही. एअरप्लेन मोड, पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायची आठवण म्हणून मोबाइल किंवा गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवण्याची जुनी युक्ती आहे, किल्लीला ती लागू पडते. आवाजाची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळावी. लाल झाली तर तो फाटलेला भाग कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. बोलणे संपल्यावर खोलीची अर्धा मिनिट शांतता टिपा, संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला तीच लागते. फाइल वेव्ह स्वरूपात: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोत तासाला सुमारे ३४६ एमबी. व्हॉट्सअॅपवर आवाज म्हणून पाठवली की ती चुरगळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. संकलनाला ऑडॅसिटी, फुकट आहे. त्यातले गोंगाट काढण्याचे बटण हलक्या हाताने. जास्त दाबले तर माणूस हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

परिणामध्वनी मात्र हातानेच करा, नेटवरून उतरवलेले नकोत. सुपात तांदूळ घोळवले की पाऊस, पत्र्याचा तुकडा हलवला की गडगडाट, नारळाच्या करवंट्या परातीतल्या मातीवर आपटल्या की घोडा, चॉकलेटचा कागद माइकजवळ चुरगळला की जाळ. मुलांना हा भाग इतका आवडतो की बाकीचे आवरावे लागते.

आता जे तुमच्याच हातचे आहे ते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला दाखल क्रमांक द्या. नोंदवहीत तारीख, गाव, सांगणाऱ्याचे नाव, बोली, विषय, कालावधी, टिपणारा, आणि परवानगीचा प्रकार: फक्त वाचनालयात ऐकवायचे, रेडिओला द्यायचे, की नेटवर टाकायचे. परवानगी सुरुवातीला आवाजातही घ्या आणि कागदावरही. पुढे कोणी ‘माझे काढून टाका’ म्हणाले तर काढा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायची आणि दुसरी डिस्क दुसऱ्या इमारतीत. एवढी शिस्त पाळली तर काय उभे राहते, याचे उदाहरण पुण्यातच आहे: हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गाणारीच्या आणि गावाच्या नावानिशी गोळा झाल्या, म्हणून आज त्या वाचता येतात, त्यांतल्या काही ऐकताही येतात आणि कोणाच्या आहेत हेही कळते.

कार्यशाळा संपल्यावर आयर्न, मल्टिमीटर, एक मायक्रोफोन आणि उरलेली तार एका पेटीत वाचनालयातच ठेवा आणि पुस्तकासारखी सदस्यांना देवघेवीवर द्या. गावात जुना रेडिओ मेकॅनिक असेल तर त्याला मानधन देऊन सहाही दिवस बसवा. बाहेरून आलेला माणूस सातव्या दिवशी जातो, बिघाड मात्र आठव्या दिवशी निघतो.

हंगाम दिवाळीनंतरचा धरा: परतीचा पाऊस संपलेला, वळवाची वीज लांब, परीक्षा अजून दूर. ठरवण्याआधी चार गोष्टी तपासून आम्हाला कळवा: जवळचे मध्यम लहरीचे केंद्र कोणते आणि दिवसा साध्या रेडिओवर कसे येते, गच्चीपासून विजेच्या तारा किती दूर आहेत, लोखंडी केसिंगची बोअर आवारात आहे का, आणि देवघेवीची खोली संध्याकाळी दोन तास पंख्याशिवाय, पण दार बंद करून मिळेल का. चौथ्याचे उत्तर ‘नाही’ असले तर पुस्तकांचे गोदाम चालेल. वाळवी असली तरी हरकत नाही, तिचा आवाजही टिपता येतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
रेडिओ जोडणारे, आवाज टिपणारे आणि गोष्टी सांगणारे काही कार्यकर्ते